मुद्दाम ठेवलेला रुपया

“बिल वेळेवर भरलं, तरी चारशे बारा रुपये व्याज? डोकं फिरलंय या बँकेचं!” अप्पांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फोन माझ्या हातात दिला.

मी त्यांच्या क्रेडिट कार्डाचं मागचं बिल उघडलं. भरायचे होते अठरा हजार सहाशे चाळीस. अप्पांनी भरले होते अठरा हजार सहाशे एकोणचाळीस.

“अप्पा, एक रुपया कमी भरलात.”

“कमी नाही, मुद्दाम ठेवला.” चाळीस वर्षं कापडाचं दुकान चालवलेल्या माझ्या वडिलांनी मलाच वेड्यात काढलं. “गिऱ्हाईक उधारी फेडायला आलं, की मी एक रुपया बाकी ठेवायला लावायचो. खातं पुरतं मिटवलं म्हणजे संबंध संपला. मग दिवाळीला त्यानं हक्कानं यायचं कसं?”

“बँकेत तसं नसतं. रुपया जरी राहिला, तरी खरेदीच्या दिवसापासून व्याज लावतात.”

“मग यांना माणसं हवीत की नकोत?”

अप्पांनी सगळे पैसे भरले, पण चेहऱ्यावरचा गोंधळ काही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी गावी परतताना त्यांनी एक जड पाकीट माझ्या पर्समध्ये कोंबलं. त्यांच्या नव्या कवळीचे बावीस हजार मी दिले होते, ते. “लेकीचे पैसे ठेवून घेत नसतात,” एवढंच म्हणाले आणि एसटीत चढले.

घरी येऊन मी नोटा आणि नाणी दोनदा मोजली. दोन्ही वेळा एक रुपया कमीच भरला.