चार बोटांचं अंतर

काकूंनी नळाजवळचा वाळ्याचा ठोंब खणून काढला, दगडावर आडवा घातला आणि मुळाशी कोयता चालवला. एका ठोंबाचे दोन झाले, दोनाचे चार. प्रत्येक फुटव्याला थोडी तरी मुळं राहतील अशा बेताने त्या ते हाताने सोडवत होत्या. वरची पाती त्यांनी वीतभर ठेवली आणि बाकीची छाटून टाकली. सकाळपासून सत्तर फुटवे झाले होते. लागणार होते दीडशे.

घरामागे मातीचा उभा चढ होता आणि चढावर वाळ्याच्या तीन आडव्या ओळी. बघणाऱ्याला ते नुसतं गवत दिसे. पण वाळ्याची मुळं सरळ खाली पुरुषभर जातात आणि माती धरून ठेवतात. इथली माती धरून ठेवणं भागच होतं. मागच्या पावसात ओळींतल्या फटींमधून चिखल घसरत आला आणि मागच्या खोलीच्या खिडकीला जाऊन टेकला. घरात खोल्या दोनच. आता पाऊस दोन महिन्यांवर आला होता, आणि या खेपेला त्या मागच्या खोलीत सूनबाई आणि तिचं तान्हं बाळ असणार होतं.

फटी कुणामुळे राहिल्या हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. काकांनी चाळीस वर्षं भाजीचा मळा केला. दीड वीत लांबीची एक गुळगुळीत काठी त्यांच्या कमरेला कायम खोचलेली असे. एक रोप लावलं की ती काठी आडवी ठेवायची, मगच दुसरं रोप. मळा गेला, काठी राहिली. आता दारातल्या मिरच्यांच्या वाफ्यापुरती ती कामाला येई. सगळी गल्ली त्यांना काठीकाकाच म्हणायची.

रस्त्याच्या कडेला वाळा लावून घेणाऱ्या ज्या मुकादमाने हे फुटवे दिले, त्याने बजावून सांगितलं होतं की चार-चार बोटांवर लावा, एकमेकांना चिकटले पाहिजेत. काका त्याच्या तोंडावर हसले होते. "मला शिकवतोय. रोपाला श्वास घ्यायला जागा नको?" असं म्हणून त्यांनी तिन्ही ओळी काठीच्या मापाने लावल्या आणि मोकळे झाले. काकूंचा जन्म कपडे शिवण्यात गेला होता. टाका विरळ पडला की काय होतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. तरी त्या वेळी त्या गप्प बसल्या. काकांपेक्षा त्यांना आपल्या त्या गप्प बसण्याचाच राग जास्त येत होता.

सूनबाई एका हाताने कंबर धरून पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"आई, ऊन चढलंय. बाबांना हाक मारू का?"

"नको. त्यांना दिसतंय सगळं."

काका मागच्या पायरीवर वर्तमानपत्र उघडून बसले होते. पाऊण तास एकच पान चाललं होतं.

"बाबा म्हणत होते, इतकं दाट लावलं तर गुदमरेल ते," सूनबाई हळूच म्हणाली.

"गुदमरू दे," काकू म्हणाल्या, पायरीपर्यंत ऐकू जाईल अशा बेताने. "खोलीतली माणसं नाही गुदमरली म्हणजे झालं."

पान तरीही उलटलं नाही.

काकूंनी कोयता कमरेला खोचला आणि टोपली, पहार घेऊन त्या चढावर गेल्या. पहारीने भोक पाडायचं, फुटवा उभा धरायचा, माती लोटायची, टाचेने दाबायची. मग जमिनीवर चार बोटं ठेवायची आणि पुढचं भोक. गुडघे बोलायला लागले होते, पण त्यांचं ऐकत बसलं तर दीडशे कधी व्हायचे. अकराव्या फुटव्याला पायाखालची माती सरकली. काकूंनी वाळ्याचा एक जुना ठोंब धरला म्हणून त्या वर राहिल्या. टोपली मात्र गडगडत खाली गेली आणि फुटवे पायरीपर्यंत विखुरले.

काकूंनी खाली पाहिलंच नाही. जिथे भोक अर्धं राहिलं होतं तिथे त्यांनी पुन्हा पहार मारली.

थोड्या वेळाने शेजारी टोपली टेकली. फुटवे नीट रचलेले होते, सगळी मुळं एका बाजूला, वर ओलं फडकं. चाळीस वर्षं ज्यांनी रोपं हाताळली त्यांचेच हात असं करतात. काका धापा टाकत गुडघ्यावर बसले. त्या जुन्या ठोंबाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. त्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याने पाडलेल्या घळी होत्या, बरोबर काठीच्या मापाच्या.

"चार बोटं म्हणजे कुणाची?" त्यांनी विचारलं. "तुझी का माझी?"

"माझी. तुमची जाड आहेत."

काकांनी कमरेची काठी काढली आणि काकूंच्या मातीने भरलेल्या बोटांशी लावली. नखाने खूण केली. मग कोयता मागून घेतला आणि खुणेवर दोन घाव घातले. छोटा तुकडा त्यांनी जमिनीवर आडवा ठेवला, काकूंची पहार घेऊन त्याच्या टोकाशी भोक पाडलं आणि पुढचा फुटवा उभा धरला.

मोठा तुकडा हातात राहिला. तो त्यांनी उलटासुलटा करून पाहिला.

"मिरच्यांना आता ही पुरायची नाही," ते म्हणाले.

"मग मिरच्या राहतील जरा दाटीवाटीने," काकू म्हणाल्या. "पहार द्या इकडे."