डाव्या पंजाचा घास

डॉक्टर तुक्ताने पाकीट फोडलं. आतला कागद वहीतल्या आकड्यांशेजारी ठेवला, बोट फिरवत खालपर्यंत गेली आणि मटकन खुर्चीत बसली.

"काय झालं, डॉक्टर?" खाम्पून मावशी पिंजरे पुसत होत्या. थायलंडमधल्या खोन केनच्या या प्रयोगशाळेत बावीस वर्षं उंदीर त्यांच्याच हाताखाली होते.

"काहीच झालं नाही, मावशी. तेच तर झालंय."

अठरा उंदीर होते. सगळे जन्मापासून ठेंगणे, अंगात वाढीचं हार्मोन नाही. सगळ्यांना मुद्दाम लकवा आणलेला, डावा पंजा लुळा. मग निम्म्यांना रोज त्या हार्मोनचं इंजेक्शन, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय, ते पाकिटात बंद. महिन्याने प्रत्येकाने फटीतून डाव्या पंजाने दाणा ओढायचा. हार्मोनवाले पुढे जातील, या आशेवर तुक्ताने दोन वर्षं काढली होती. आणि मीठपाणीवाल्यांनीही तितकेच दाणे ओढले होते.

"हार्मोन असो नसो, सारखंच. दोन वर्षं पाण्यात गेली."

मावशींनी फडकं पिळून बादलीच्या काठावर टाकलं. "सारखं नाही ते. मी भात दिला त्यांना."

"काय दिलं?"

"चिकट भात. माझ्या डब्यातला. गोळी करून डाव्या अंगाने धरायची, पंजा पुढे आला तरच घास. आमच्या म्हाताऱ्याला लकवा झाला, तेव्हा त्यालाही मी असाच उठवला."

"मावशी! बाहेरचा कण आत आणायचा नाही, दारावर पाटी आहे!"

"आहे ना. मीच पुसते रोज."

तुक्ता उठून उभी राहिली. चेहरा लाल झाला होता. "निदान सगळ्यांना तरी द्यायचात!"

"सगळ्यांना कशाला? धडधाकटांना? ज्यांचा पंजा उचलतच नव्हता, त्यांना दिला. तिसऱ्या दिवशीच हेरून ठेवले होते."

तुक्ता टेबलाकडे वळली. "कोणते?"

मावशींनी डोळे मिटले. "दोन. पाच. सहा. नऊ."

तुक्ताने कागद ओढला. दोन, मीठपाणी. पाच, मीठपाणी. सहा, नऊ, मीठपाणी.

"दहा. बारा. तेरा. सोळा. अठरा."

बोट तेरावर अडलं, पुढे सरकलं. नऊ नंबर. त्यातले आठ मीठपाण्याचे.

"कोणाला मीठपाणी, ते तुम्हाला कोणी सांगितलं होतं? की आकारावरून ओळखलंत?"

"तीन दिवसांत कोण वाढतं, डॉक्टर? पंजा कसा टाकतो, त्यावरून. पण ते तेरा कोण?"

"त्याला हार्मोन मिळत होतं."

"बघा मेल्याला!" मावशी पिंजऱ्याकडे वळल्या. "भातासाठी सोंग करत होता. मला वाटलंच होतं, लुळा असून घास बरा पटकन उचलतो."

तुक्ताला हसू आलं, आणि मग डोळे पुसावे लागले. जो फरक ती महिनाभर मोजायला निघाली होती, तो या बाईने तिसऱ्या दिवशी नुसता बघितला होता. बघितला, आणि भात भरवून मिटवूनही टाकला होता.

"हे छापता येणार नाही," ती म्हणाली. "सगळं पुन्हा करावं लागेल. या खेपेला तिसऱ्या दिवशी तुम्ही बघायचं, नंबर सांगायचे, मी लिहून घेणार. खाली सही तुमची."

"माझी?"

"तुमचीच. पण भात नाही. एकालाही नाही."

मावशींनी एकदा पिंजऱ्यांवरून नजर फिरवली. मग त्यांनी होकारार्थी मान हलवली.

चार महिन्यांनी नवे अठरा पिंजरे मांडले. तिसऱ्या दिवशी मावशी धुतलेला पांढरा कोट घालून रांगेपुढून सावकाश चालल्या. मागे वही घेऊन तुक्ता. मावशींचे दोन्ही हात पाठीशी होते, उजव्याने डाव्याचं मनगट घट्ट धरलेलं. एका पिंजऱ्यापुढे त्या थांबल्या. आतलं पिल्लू फरशीवर पंजा ओढत त्यांच्याकडेच येत होतं.

मावशींनी मनगट आणखी आवळलं, मान ताठ केली.

"चार," त्या म्हणाल्या. "लिहा, डॉक्टर."