टेकडीवरचा ठिपका

दुकानदाराने बटण दाबले आणि पडद्यावरचे तिन्ही बगळे नाहीसे झाले.

"बघा, एक कण शिल्लक नाही," तो कौतुकाने म्हणाला.

"ते पक्षी होते," निरीक्षक म्हणाले.

"पक्षी काय, धूळ काय. आभाळ स्वच्छ झालं ना, साहेब?"

निरीक्षकांनी आपली नमुन्याची स्लाइड उचलली आणि ते दुकानाबाहेर पडले. फिल्म आणि स्लाइड स्कॅन करणारे, वर धूळही काढणारे, आणि निवृत्तिवेतनात बसणारे यंत्र शोधता शोधता त्यांच्या नाकी नऊ आले होते. स्वस्त यंत्रे अंदाजाने धूळ काढीत. जे बारीक ते खोटे, असा त्यांचा न्याय. फिल्ममधून आरपार जाणारा पण धुळीवर अडणारा अवरक्त प्रकाश ज्यांत होता, त्यांची किंमत ऐकूनच घाम फुटे.

"इतकी पारख तुम्ही माझीसुद्धा केली नव्हती," पत्नी म्हणाली. "घ्या एखादं आणि सुटा."

पण 'एखादं' चालणार नव्हते. सारा प्रश्न एका स्लाइडचा होता. वडील छायाचित्रकार; जगाचे फोटो काढता काढता त्यांचा स्वतःचा राहून गेला. ते वारले तेव्हा निरीक्षक पाळण्यात होते. एकदाच वडिलांनी आईच्या हाती कॅमेरा दिला होता आणि स्वतः टेकडी चढून गेले होते. त्या रंगीत स्लाइडमध्ये टेकडीच्या माथ्यावर एक ठिपका होता. आई म्हणे, हे तुझे वडील. निरीक्षक म्हणत, ही धूळ. भिंग लावले तरी ठिपका ठिपकाच राही, आणि पुसायचे म्हटले तर आई स्लाइडला बोट लावू देत नसे.

वजनमापे खात्यात हयात घालवलेल्या माणसाला हे अधांतर सोसवत नव्हते. सख्ख्या मामाच्या दुकानातला खोटा काटाही त्यांनी जप्त केला होता. आई ते अजून विसरली नव्हती.

"आता माझा शब्द तोलायचा राहिलाय," ती म्हणे. "तोल बाबा. पण यंत्र धड आण. माझ्या भावाच्या वेळी निदान तुझी वजनं तरी खरी होती."

अखेर एक वापरलेले, पण खऱ्या प्रकाशाचे यंत्र परवडले. घरी आणले तर त्याची वायर भलतीच निघाली. वायर बदलली तर संगणक ओळख देईना. निरीक्षकांनी यंत्राला, संगणकाला आणि ते बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांना शुद्ध भाषेत शिव्या घातल्या. मग एकदाचा दिवा लागला.

त्यांनी आधी बगळ्यांची स्लाइड घातली. धूळ गेली, बगळे जागच्या जागी राहिले. यंत्र खरे बोलत होते.

मग त्यांनी ती स्लाइड घातली. आई शेजारच्या खोलीत खुर्चीत बसली होती. तिने रेडिओ बंद केल्याचे त्यांना ऐकू आले.

पडद्यावर चित्र वरून खाली उमटत गेले. आधी निळे आभाळ, मग टेकडीची कड, मग उतारावरचे गवत, इतके स्वच्छ की पाते न् पाते मोजावे. माथ्यावर कोणीही नव्हते.

निरीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. वाद ते जिंकले होते.

"काय रे," आईने आतून विचारले, "दिसले का?"

"थांब, आई. टेकडी चढायला वेळ लागतो," ते म्हणाले, आणि पडद्यावरची 'धूळ काढा' ही खूण रद्द करून त्यांनी स्लाइड पुन्हा आत सारली.