वावरातला ट्रॅक्टर

१९५६ साल. वर्धा जिल्हा तेव्हा अजून मध्य प्रदेशातच होता. त्या उन्हाळ्यात हरिदास रोहणा गावी, रूपरावांच्या वावरात, एका गंजलेल्या ट्रॅक्टरपुढे उभा होता. घ्यावा की घेऊ नये, त्याचं काही ठरत नव्हतं.

लोखंडी चाकं निम्मी मातीत रुतलेली. इंजिनाचे सुटे भाग कधीचेच कोणीतरी काढून नेलेले. आपल्या गावी, पिपरी मेघ्याला, हरिदासनं शेतीची जुनी यंत्रं जमवून एक मोठी शेड भरत आणली होती. तेलाचा घाणा होता, सरकी काढायची रेची होती, विलायती नांगर होता. धड काही दिसावं अशी वस्तू तो घेई. हे तर नुसतं भंगार होतं.

पण हा ट्रॅक्टर त्याच्या वडिलांचा होता. भैयाजींनी तो मुंबईहून आगगाडीनं आणवला, तेव्हा आसपासची गावं पाहायला लोटली होती. दोन-तीन हंगाम चालला आणि याच जागी बंद पडला. मग तीच माणसं हसायला आली. भैयाजींनी वावर रूपरावांना विकलं, ट्रॅक्टर तिथंच राहिला. गेल्या दिवाळीला भैयाजी वारले. त्यांच्या हातची म्हणावी अशी एवढीच वस्तू आता उरली होती.

"घेऊन टाका भाऊ," रूपराव म्हणाले. "माहं वावर तं मोकळं होईन. हातभर जागा वाया गेलेली आपल्याले खपत नाई. मांगच्या साली कोणंतरी धुऱ्यावर गोट्याले शेंदूर फासलता. उखडून फेकला म्या. आज गोटा, उद्या देऊळ!"

त्यांचा सालदार, वर्षाच्या बोलीनं ठेवलेला गडी पुनाजी, बाजूला उभा होता. तो हळूच म्हणाला, "काई दम नाई राह्यला जी त्याच्यात. अन् खाली विंचू हायेत, बाबूजी."

"अन् तुले नाई चावत ते?" रूपराव हसले. "पाहा भाऊ, तिकडं निंबाची एवढी गार सावली, पण हा भाकर खाईन तं इथंच. माहा नातू वर चढलता, तं यानं त्याले दंड धरून उतरवला. लगनच लागलं बाप्पा याचं या लोखंडासंगं!"

पुनाजी हसला नाही.

हरिदास वर चढून बैठकीवर बसला. पत्रा तापला होता. लहानपणी भैयाजी त्याला मांडीवर घेऊन चाक हातात देत. ट्रॅक्टर आपणच चालवतो, असं त्याला कितीतरी दिवस वाटायचं. वडिलांच्या सदऱ्याला घासलेटचा वास यायचा. तो वास आता कुठंच नव्हता. हरिदासचे डोळे भरून आले.

"घेतो," तो म्हणाला.

पुनाजी पुढे झाला. "नका नेऊ, बाबूजी."

"काऊन रे? तुह्या बापाचा हाय का?" रूपराव गरजले.

पुनाजीनं धन्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "हलवला तं मोडन जी. मी लक्ष देतो ना त्याच्याकडं. राहू द्या इथंच."

दुसऱ्या दिवशी बैलजोड्या आल्या. साखळदंड लावले, सब्बलींनी चाकांखालची माती उकरली. मोठ्या करकरीनं ट्रॅक्टर जागचा सुटला. पुनाजी आणि त्याची बायको रामबाई धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभी होती. पुनाजी लहान पोरासारखा रडत होता.

हरिदासला गलबलून आलं. भैयाजींच्या ट्रॅक्टरला सारी दुनिया हसली होती. त्याच्यासाठी रडणारं माणूस तो पहिल्यांदाच पाहत होता. त्यानं पुनाजीच्या खांद्यावर हात ठेवला.

"पुनाजी, वाटन तवा पाहायले येजो. आपलंच घर समज."

"तिथं येऊन काय करू, बाबूजी?"

"चाल, आटप रडणं," रूपराव म्हणाले. "वखर जुंप. ढेकळं आजच फुटली पाह्यजेत."

पुनाजीनं वखर जुंपला नाही. साल अर्ध्यावर टाकून, बायकोला घेऊन तो त्याच दिवशी गिरडकडे निघून गेला. रूपरावांनी नवा सालदार ठेवला. त्या मोकळ्या जागेवर कपाशी जोमानं आली, असं ते पुढे मरेपर्यंत सांगत. हरिदासनं ट्रॅक्टरला लाल रंग दिला. शाळेची मुलं रांगेनं पाहायला यायची, तेव्हा तो त्यांना भैयाजींची गोष्ट सांगे आणि मग पुनाजीची. यंत्रावर असा जीव लावणारा दुसरा माणूस आपण पाहिला नाही, म्हणे.

पुनाजी गिरडलाच वारला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात रामबाई एकटीच पायी पिपरीला आली. हरिदासनं तिला मानानं आत नेलं, ट्रॅक्टरजवळ स्टूल ठेवलं, पाणी दिलं. तिनं ट्रॅक्टरकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पुनाजी असता तं खुश झाला असता," हरिदास म्हणाला.

"वावरात जाऊन आली मी, बाबूजी," रामबाई म्हणाली. "सारं सपाट झालं. जागाच सापडून नाई राह्यली. हा कोठी उभा होता, तेवढं दाखवता का? त्याच्याखाली आमची लेक हाय मातीत. दात बी नव्हते आलते तिले."