आरे गावची दवंडी

"विश्वास कुणाचाच बसायचा नाय साहेब, पण त्या दुपारी माझी दवंडी ऐकायला समुद्र थांबला होता," आत्माराम म्हणाला आणि मामलेदार कचेरी खो खो हसली.

यमुनाबाई मात्र हसली नाही. आरेची जी वाळू तिच्या सासूच्या सासूपासून सुकट वाळवायची जागा, ती सरकार मुंबईच्या एका शेठला वखारीसाठी देणार होतं. कायदा असा की जाहीरनामा आधी गावात ढोल वाजवून सगळ्यांना ऐकवायचा. मग हरकतीची मुदत सुरू. यमुनाबाईची हरकत मुदतीनंतर आली. दवंडी झाली असेल तर वाळू गेली. नसेल तर जाहीरनामा रद्द.

झाली की नाही, देव जाणे. त्या दुपारी होड्या समुद्रात, बाया रत्नागिरीच्या बाजारात, आणि ती स्वतः हर्णेला लेकीच्या बाळंतपणाला. परत येऊन बघते तर अंगणातली चटई सुकटीसकट गायब! शेजारच्या कमळाशी कडाक्याचं भांडण झालं. चटई पुढे वर कातळावर काजूला लटकलेली सापडली. पण अबोला तो अबोलाच.

दवंडीवाला आत्माराम तर असा थापाड्या, की गावात कुणी त्याला साधी वेळ विचारत नसे. सकाळी कचेरीच्या पायरीवर तिनं त्याला गाठलं होतं. "आत्मारामभाऊ, वाजवला नाही म्हण. तुझं काय जातंय?"

"शपथेवर खोटं? मी?" म्हातारा दुखावल्यासारखा झाला. "शपथ मला घालणार, तुला नाय. तू आपली गप उभी राहा. विचारतील तेव्हा बोल."

आणि आता हा मेला कुणाच्या बाजूनं बोलत होता?

"सरळ सांग!" मामलेदार कडाडले. "दवंडी पिटलीस की नाही?"

"पिटली तर! देवी बघत्ये वरून. असा ढोल बडवला, की तिकडे मुरुडात लोक गणपती आले म्हणून निरांजनं घेऊन दारात!"

"अरे, कुणी ऐकली का?"

"रावजीच्या बैलानं ऐकली, साहेब. असा बुजला! या यमुनाबाईची चटई शिंगांवर घेतलीन, सुकटीसकट, आणि सुटला कातळावर. काजूला टांगून आला!"

शिपाईसुद्धा भिंतीला टेकून हसत होता. मामलेदारांनी डोळे पुसले.

"बाई, ही एवढी गोष्ट खरी निघाली, तर दवंडी झाली असंच मी धरीन. सापडली होती का तुमची चटई काजूवर?"

यमुनाबाईनं आत्मारामकडे पाहिलं. तो आढ्याची कौलं न्याहाळत होता.

"छे हो साहेब! चटई माझी अंगणातून हलली पण नाय. हा म्हातारा जन्माचा खोटारडा!"