ऊब वरून खाली येते

"अगं, जळलं की गं!" स्वयंपाकीण किंचाळली.

इस्त्रीवालीनं इस्त्री आणखी दाबली. मालकांच्या कोटाच्या पाठीवर बशीएवढं भोक पडलं.

मुद्दामच पाडलं तिनं. त्यांच्या कारखान्यात रीतच होती तशी. मालकांनी नवा कोट घेतला की त्यांचा जुना मॅनेजरला जायचा, मॅनेजरचा कारकुनाला, कारकुनाचा गेटवरच्या वॉचमनला. मालक सभेत सांगायचे, "वरच्याला भरपूर मिळू द्या. ऊब आपोआप खालपर्यंत पोचते."

पण मालकांचा आपल्या कोटावर जीव जडला होता. किती हिवाळे गेले, नवा घेईनात. इकडे वॉचमनच्या कोटाची नुसती कॉलर उरली. तो इस्त्रीवालीचा नवरा. खोकला तरी कसा! गेटचं कुलूप आपोआप उघडायचं, तीन गल्ल्यांतली कबुतरं उडायची.

भोक बघून मालक रागावले नाहीत. "बरंच झालं, आता सगळ्यांचं कल्याण होईल," म्हणाले आणि नवा शिवायला टाकला.

लोकर लांबच्या देशातून यायची होती. मेंढ्या बहुतेक चालतच निघाल्या. अखेर नवा कोट आला. मग मॅनेजर भोकाला मखमलीचं ठिगळ लावत बसला, तोवर स्वतःचा सोडेना. त्यानं सोडला तर कारकून अडला. बाह्या आखूड करून घ्यायच्या होत्या म्हणे.

इस्त्रीवाली कारकुनाच्या टेबलाशी उभी राहिली. "भाऊ, द्या ना आता. त्यांना आडवंसुद्धा होता येत नाही हो. श्वास कोंडतो."

"वहिनी, मी काय उघडा बसू? वरून आलं की खाली देणारच. कुणाचं अडवलंय का आजवर?"

ती तशीच गेटवर गेली. कुलूप लागलेलं होतं. कबुतरं भिंतीवर निवांत बसली होती. नवरा स्टुलावर भिंतीला टेकून होता. खोकत नव्हता. तिनं हात धरला, तर तो लोखंडासारखा गार.

पुढच्या आठवड्यात कोट खाली आला. इस्त्रीला तिच्याकडेच आला. तिनं कुठंही डाग न पाडता इस्त्री करून दिली.

मालक मुद्दाम गेटवर बघायला आले. "बघा, पोचली की नाही ऊब शेवटच्या माणसापर्यंत?"

"पोचली साहेब," बटणं लावत नवा वॉचमन म्हणाला.