अकरा नंबरची जर्सी

अध्यक्षांनी माईकवर संघाचा इतिहास वाचायला घेतला, तेव्हा स्टेजवर शलाकाच्या कुशीत तिचं बाळ नुकतंच झोपलं होतं. राज्यातला मुलींचा पहिला व्यावसायिक बेसबॉल संघ, लीगचा चषक दोनदा, आणि आपल्या फेकीवर दोन्ही अंतिम सामने जिंकून देणारी एकच पिचर, अकरा नंबरची शलाका भोळे.

मग त्यांनी भिंतीवरचा पडदा बाजूला ओढला. बाळंतपणाच्या रजेवर जाताना तिने ऑफिसात ठेवायला दिलेली जर्सी काचेच्या चौकटीत होती, धुऊन, कडक इस्त्री करून.

"हा नंबर आता संघात कुणालाच मिळणार नाही. निवृत्त खेळाडूला यापेक्षा मोठा सन्मान नाही!"

टाळ्या थांबल्या तशी शलाका म्हणाली,

"सर, मी निवृत्त कुठे झालेय? सोमवारपासून सरावाला येतेय. कळवलं होतं मी."

"अहो ताई, पुरे झाली आता दगदग," अध्यक्ष माईकवरच हसले. "तुम्ही बाळ सांभाळा, नंबर आम्ही सांभाळतो."

सभागृहही हसलं. शलाकाने बाळ अलगद त्यांच्या हातांत दिलं.

"जरा धरा. हलू मात्र नका हं, उठेल."

अध्यक्ष होते तिथेच ताठ उभे राहिले. ती चौकटीपाशी गेली आणि कडेचे स्क्रू बोटांनी चाचपू लागली. खाली पहिल्या रांगेतून तिच्या फेकी झेलणारी संघाची कॅचर नसीम उठली आणि स्टेजची सजावट करणाऱ्या मंडपवाल्याकडे वळली.

"दादा, स्क्रू-ड्रायव्हर द्या ना जरा."